उजेड कमी होता

भरती सात वाजून बारा मिनिटांनी.
तक्ता फ्रिजवर चिकटवलाय, ड्युटीच्या तक्त्याशेजारी,
आणि ज्या दिवशी दोन्ही जुळतात
त्या दिवशी रात्रपाळीचे बूट न काढताच
मी किंग्ज लिनहून परस्पर निघते.
गाडीत काल रात्रीच्या थालीपिठाचा वास,
मागच्या सीटवर हप्त्यांनी घेतलेली लेन्स
पट्टा लावून बसवलेली, लहान मूल असावं तशी.

स्नेटिशमच्या बांधावर गॅरड आधीच उभा.
चाळीस वर्षं कोळंबीच्या होडीवर काढलेला माणूस,
गुड मॉर्निंग म्हणत नाही, वारा सांगतो.
“ईशान्येचा.”
म्हणजे आज बोटं गारठणार.

समोर मैलभर चिखल, ओल्या पाटीसारखा.
त्यावर एक करडा पट्टा. गोटे असतील.
मग पाणी आलं
आणि गोटे चालायला लागले.

नॉट त्यांचं नाव. नॉट म्हणजे गाठ;
शब्दकोशवाले काहीतरी वेगळं सांगतील, मला हे चालतं.
गॅरडला एकदा सांगितलं होतं, आमच्यात
माणसं भेटली की गाठ पडते,
आणि दम द्यायचा तरी ‘गाठ माझ्याशी आहे’ म्हणतात,
आठवणीसाठी पदराला मारतात,
आणि चार पैसे उरले तर ते गाठीशी.
तो बराच वेळ गप्प. मग खिशातून सुतळी काढून
एका ओढीनं सुटणारी एक त्यानं करून दाखवली.
सुरगाठ, मी म्हटलं.
त्यानं शब्द तोंडात घोळवून पाहिला. ठ काही जमला नाही.

इथे उजेड आपल्या पाठीमागून येतो,
बीटच्या शेतांवरून, कॅरव्हॅनच्या पत्र्यांवरून.
आधी लागतो तो कादंबांना, कारण ते उंचावर:
कलकलाट करत आत शेतांकडे निघालेले,
पोटं तांबूस, आणि आम्ही खाली अजून अंधारात.
तेवढ्यात पाणी चिखलाच्या शेवटच्या पट्टीवर चढलं

आणि सुटली.
चाळीस हजार, असं गॅरड म्हणतो, मी मोजायला गेले नाही.
करडं, करडं, वळले की पांढरं,
डोक्यावरून कुणी कापडाचं अख्खं ठाण
फडफडवत उलगडत न्यावं तसा आवाज.
एका सेकंदाचा दोन हजारावा भाग.
मी श्वास रोखते.

श्वास घ्या. रोखा. सोडा.
हेच म्हणत असते मी काचेमागून, पाळी कुठलीही असो.
मंगळवारी दुपारी काचेपलीकडे तो होता.
गाऊनची पाठीमागची नाडी त्याला बांधता येईना.
त्याला!
मी बांधली. “खोकला,” तो भिंतीकडे बघत म्हणाला,
वाऱ्याची दिशा सांगावी तसा.
छाती टेकवा. हनुवटी वर. खांदे पुढे.
पडद्यावर फासळ्या उमटल्या, आणि उजवीकडे वर,
बोराएवढी.
ते सांगायचं काम माझं नाही.
ते डॉक्टर बघतील, पत्र जाईल.
चित्र नीट आलंय की नाही, एवढंच माझ्याकडे.

थवा आमच्यामागच्या तळ्यातल्या बेटावर उतरला,
एकमेकांना ढकलत, चोची पाठीत खुपसत.
एक कालवफोड्या उगीचच ओरडत राहिला.
मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागे मागे जात होते,
कापलेले पंख, नुसतं आभाळ, एकात फक्त शेपट्या,
तेव्हा तो जवळ येऊन वाकला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.
“नीट आलाय का?”

कुठला, ते मला विचारवलं नाही.
“उजेड कमी होता,” मी म्हटलं.

ऊन तोवर इतकं लख्ख पडलं होतं
की पडद्यावर आमचे दोघांचे चेहरेच दिसत होते.
त्यानं फ्लास्कच्या झाकणात चहा ओतला,
आधी माझ्यापुढे धरला.
“उद्या सात एकोणसाठ,” म्हणाला.